‘होय’च्या खाली दोन ओळींची जागा द्या

देशातल्या सर्व विमान कंपन्यांचे भरती विभाग आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांना साताऱ्याहून खुले पत्र

सन्माननीय अधिकारी महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहतो. एकतीस वर्षं प्रवासी गाड्यांच्या नोकरीत काढली. आधी वीस वर्षं चालक म्हणून आणि पुढची अकरा चालक-प्रशिक्षक म्हणून. विमानात आयुष्यात दोनदा बसलोय. तरी हे पत्र तुम्हालाच लिहायला हवं होतं, कारण गेल्या महिन्यात माझ्या नातीचा रात्री साडेदहाला फोन आला आणि तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही.

नात चोवीस वर्षांची आहे. लहानपणी कराडच्या विमानतळाच्या कुंपणाशी उभी राहून ती छोटी विमानं उतरताना बघत बसायची आणि मी सायकलला टेकून तिची वाट बघत थांबायचो. तिच्या बापानं शेताचा तुकडा गहाण टाकून तिला वैमानिकाच्या शिक्षणाला घातलं. परराज्यातल्या शाळेत दोनशे तास उड्डाण पुरं झालं, व्यावसायिक परवाना हातात आला. मधे एक प्रसंग घडला होता. एकटीनं उतरताना आडवा वारा आला, विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं, पुढचं चाक मोडलं, पंख्याची पाती वाकली. तिला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली. शिकाऊ वैमानिकाला एकट्यानं पाठवायला शाळेनंच वाऱ्याची जी मर्यादा ठरवलेली होती, तिच्यापेक्षा वारा त्या दिवशी जास्त होता आणि तरी तिला सोडलं, असं अहवालात आलं. तिनंही उतरायचा हट्ट सोडून पुन्हा वर जायला हवं होतं, हेही आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. तिनं जादा तास घेतले, आडव्या वाऱ्यात उतरायचा सराव केला, परीक्षा दिली, पास झाली.

आता नोकरीचा अर्ज. संगणकावर भरायचा. त्यात एक प्रश्न होता: यापूर्वी आपला कोणत्याही विमान अपघाताशी संबंध आला आहे का? होय किंवा नाही. ‘होय’ दाबलं की अर्ज पुढच्या पानावर जातो. काय झालं, कसं झालं, चौकशीत काय निघालं, हे लिहायला कुठंही जागा नाही. तिच्याबरोबरची मुलं म्हणाली, ‘नाही’ लिही, एवढ्याशा विमानाचं कोण बघतंय. ओळखीच्या एकानं सांगितलं, ‘होय’ लिहिलेला अर्ज कुणी उघडतच नाही.

‘आबा, काय लिहू?’ एवढंच तिनं विचारलं.

मला उत्तर सुचेना, कारण या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे.

१९९१ चा पावसाळा. मी पुण्याकडे निघालो होतो. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, चढती-उतरती सगळी वाहतूक एकाच घाटात. गाडीत त्रेचाळीस माणसं. माथा ओलांडून खंडाळ्याच्या बाजूला उतरायला लागलो आणि फुस्स असा आवाज आला. समोरच्या काट्यातली हवा झरझर खाली. ब्रेकचा रबरी होज फुटला होता. गिअर पाडला, हॅन्डब्रेक ओढला, पण ओल्या रस्त्यावर गाडी धरेना. पुढं वळण, वळणावर चढणारा ट्रक, एका अंगाला दरी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. मी गाडी डोंगराला घासली. पन्नास-साठ पावलं घासत जाऊन ती थांबली. बेचाळीस माणसं वाचली. डोंगराच्या बाजूला खिडकीशी बसलेली वाई तालुक्यातली एक म्हातारी गेली.

आठ महिने मला गाडीवरून खाली ठेवलं होतं. वर्कशॉपात हजेरी लावायची आणि बसून राहायचं. स्टँडवर चहाला गेलो की माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची, हाच तो. मी पिऊन होतो, असं कुणी म्हणायचं. घाबरून स्टेअरिंग सोडलं, असंही बोललं जायचं. शेवटी चौकशीत आदल्या आठवड्यातला दुसऱ्या चालकाचा शेरा सापडला, ‘उतारावर हवा उतरते’. तो शेरा कुणी वाचलाच नव्हता.

हे सगळं मी आज का उगाळतोय? नातीचा फोन झाल्यावर तिनं मला काही अपघातांचे अहवाल पाठवले, रोज संध्याकाळी फोनवर समजावून सांगितले आणि त्यात मला पीटर बर्किल भेटले. तुम्हाला ते नाव माहीत असेल. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७. हीथ्रोची धावपट्टी समोर दिसत असताना, जमिनीपासून जेमतेम सातशे फुटांवर दोन्ही इंजिनांचा जोर गेला. विमान सहवैमानिक जॉन कॉवर्ड यांच्या हातात होतं. कॅप्टन बर्किल यांनी पंखाचे फ्लॅप, म्हणजे उतरताना बाहेर काढायच्या पंखामागच्या फळ्या, थोडे आत घेतले, त्यानं विमान थोडं पुढं सरकलं, वाटेतल्या खांब-अँटेनांवरून गेलं आणि धावपट्टीच्या अलीकडे गवतात आपटलं. विमानातली १५२ च्या १५२ माणसं जिवंत राहिली.

पुढं जे झालं ते वाचताना मला साताऱ्याचा स्टँड दिसत होता. कॅप्टनचे हातपाय गळाले, तो नुसता बसून राहिला, अशी कुजबुज कंपनीतच सुरू झाली. २००९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. अनुभवी माणूस, पण दुसऱ्या कंपन्यांकडे अर्ज केले तर मुलाखतीला बोलावणंही येईना. फेब्रुवारी २०१० मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. लांबच्या थंड प्रवासात इंधनातल्या पाण्याचा बर्फ झाला होता, तो इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी साचला आणि इंजिनांना इंधन पोचलं नाही. फ्लॅप कमी करण्याचा निर्णय उपयोगी पडला, हेही अहवालात आहे. त्याच वर्षी त्यांना जुन्या कंपनीनं परत घेतलं. मधला काळ मात्र त्यांचा गेला तो गेलाच. ज्या कंपन्यांनी त्यांचा अर्ज बाजूला सारला, त्यांना चौकशी पुरी होईपर्यंत थांबायचं होतं, असं मी समजू शकतो. पण माणसाला समोर बसवून ‘काय झालं ते सांगा’ म्हणायला कुठं अहवाल लागतो?

माझी पहिली विनंती त्यातूनच येते. अपघात झाला की नाही, हा प्रश्न अर्धा आहे. त्या अपघातात या माणसानं काय केलं, हे चौकशीच्या अहवालात असतं. आंतरराष्ट्रीय नियमांतलं परिशिष्ट १३ सांगतं की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. आपल्याकडेही विमान अपघात अन्वेषण ब्युरो त्याच नियमानं चालतो आणि त्याचे अहवाल लोकांसमोर असतात. तुमच्या भरती विभागाला ते चाळून बघायला किती वेळ लागेल?

१९८९ सालचं अमेरिकेतलं एक उदाहरण नातीनं सांगितलं, ते मी इथं गावात चारचौघांना सांगतो. शेपटीतलं इंजिन फुटून विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. कॅप्टन अल हेन्स यांच्या हातात नुसते उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली विमानात, तीच अवस्था करून अनुभवी वैमानिकांना बसवलं, तर तसं विमान उतरवता येईना. हेन्स काही महिन्यांत परत कामावर आले आणि निवृत्तीपर्यंत उडत राहिले. या माणसाच्या अर्जावर ‘होय’ची खूण बघून तो बाजूला ठेवणारा अधिकारी मला तुमच्या जागी कल्पनेतही बघवत नाही.

आणि उलट बघा. २७ मार्च १९७७ ला तेनेरीफला धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. परवानगी नसताना उड्डाण सुरू करणारा डच कॅप्टन हा त्याच्या कंपनीचा प्रशिक्षण विभागातला मोठा माणूस होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता. तुमच्या अर्जातला प्रश्न त्याला आदल्या दिवशी विचारला असता, तर त्याची सही आनंदानं घेतली गेली असती. दुसऱ्या विमानातले सहवैमानिक रॉबर्ट ब्रॅग वाचले आणि पुढं कितीतरी वर्षं उडत राहिले. त्या दोघांतल्या कुणाचा अर्ज तुमची ‘होय/नाही’ची चाळणी अडवते, याचा विचार करा.

पण मी एकाच बाजूनं बोलणार नाही. अपघात माणसाला शहाणं करतो असं लोक म्हणतात, ते पुरतं खरं नाही. मी परत गाडीवर बसलो तेव्हा आमचे वरिष्ठ प्रशिक्षक माझ्या बाजूला बसले. तोच घाट, तीच दिशा. खंडाळ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. खाली उतरल्यावर म्हणाले, ‘वास येतोय का?’ ब्रेकच्या लायनरचा जळका वास होता. पूर्ण घाटभर माझा पाय ब्रेकवरून निघालाच नव्हता आणि मला ते कळलंही नव्हतं. म्हणजे ज्या भीतीनं मी ब्रेक दाबत होतो, तीच भीती ब्रेक तापवून पुन्हा निकामी करत होती. त्यांनी बाजूला बसून मला अठरा फेऱ्या मारायला लावल्या. उतारावर गिअरनं गाडी कशी धरायची, ते मी दहा वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा पहिल्यापासून शिकलो. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत माझी एक सवय राहिली. घाटाआधी गाडी थांबवून खाली उतरायचं, कंडक्टरला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि प्रत्येक चाकाशी कान लावून हवेची शीळ येते का ऐकायचं. प्रवासी कंटाळायचे. कंटाळू देत.

म्हणून घ्या म्हणताना मी असंही म्हणतो, की नीट तपासून घ्या. जो प्रसंग घडला तोच सिम्युलेटरवर त्याच्यासमोर उभा करा. हात कुठं जातो, पाय कुठं अडकतो, शेजारच्या सहवैमानिकाचं ऐकू येतं का, ते बघा. मनाची तपासणी करा आणि ती नोकरी घालवायची परीक्षा आहे असं त्याला वाटू देऊ नका, नाहीतर तो तिथंही खोटं बोलेल.

खोट्याचं सांगतो, कारण माझी खरी भीती तीच आहे. मी प्रशिक्षक असताना एकाच दिवशी दोन चालक माझ्यासमोर आले होते. पहिल्याच्या कागदावर आष्ट्याजवळचा अपघात होता. विचारलं, कुणाची चूक? म्हणाला, ‘माझी. डुलकी लागली. सलग दुसरी रात्र होती, पण नाही म्हणायला पाहिजे होतं, ते म्हणालो नाही.’ दुसऱ्याचे कागद लख्ख होते. चार दिवसांनी त्याच्या जुन्या मालकाकडून कळलं की त्यानं अडीच वर्षांची एक नोकरीच अर्जातून गाळली होती, कारण तिथं त्यानं दोन गाड्या उलटवल्या होत्या. पहिल्याला मी घेतलं. तो सोळा वर्षं चालवून बिनअपघात निवृत्त झाला. दुसऱ्याला परत पाठवला, आणि तो नंतर दुसरीकडे कुठं लागला असेल, या विचारानं कधी कधी आजही झोप उडते.

हेच अमेरिकेत विमानांच्या बाबतीत दोनदा घडलं. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान घरावर पडलं, ५० माणसं गेली. वेग कमी पडून विमानाचा हवेतला आधार सुटण्याच्या बेतात असताना कॅप्टननं नाक खाली करायच्या ऐवजी वर ओढलं. तो आधी काही परीक्षांत नापास झाला होता आणि नोकरीच्या अर्जात त्यानं ते पूर्ण सांगितलं नव्हतं. त्यानंतर २०१० मध्ये तिथं कायदा झाला, वैमानिकांच्या नोंदी एका जागी ठेवायचं ठरलं. ते काम रेंगाळलं. २३ फेब्रुवारी २०१९ ला टेक्ससमध्ये ॲटलस एअरचं मालवाहू विमान उपसागरात कोसळलं, तिघं गेले. त्यातल्या सहवैमानिकानं आधीच्या कंपन्यांतलं अपुरं राहिलेलं प्रशिक्षण लपवलं होतं. नोंदींचा पक्का नियम २०२१ मध्ये आला. आपल्याकडेही २०११ मध्ये उतरताना पुढचं चाक आधी टेकवल्याच्या तक्रारीवरून एका वैमानिकाची चौकशी झाली, तेव्हा खोट्या गुणपत्रिकेवर मिळवलेला परवाना उघडकीला आला होता आणि मग तशी आणखी प्रकरणं निघाली.

लपवणारी माणसं वाईटच असतात असं नाही. खरं बोलणाऱ्याचा अर्ज जिथं उघडत नाहीत, तिथं तुम्हीच माणसाला लपवायला शिकवता. माझ्या नातीला तिच्याबरोबरच्या मुलांनी दिलेला सल्ला तुमच्या त्या चौकटीतून आला आहे.

एक अवघड उदाहरण टाळून पुढं गेलो तर ते बरोबर होणार नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पावसात धावपट्टी ओलांडून खाली गेलं. २१ माणसं गेली, त्यांत कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिकही होते. साठे आपल्यातले, हवाई दलात विंग कमांडर राहिलेले. हवाई दलात असताना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते एका अपघातातून वाचले होते आणि कित्येक महिने रुग्णालयात काढून परत उडायला लागले होते, असं त्यांच्या नातेवाइकांनी तेव्हा सांगितलं होतं. कोळिकोडच्या चौकशीत नेमलेली पद्धत न पाळल्याचा, उशिरा टेकल्याचा आणि पुन्हा वर न गेल्याचा ठपका आला, शिवाय कंपनीच्या व्यवस्थेतल्या उणिवाही आल्या. बघा, आधी अपघात झालेला माणूस घेतला आणि काय झालं, असं कुणी म्हणेल. मी त्यांना विचारतो, मधली जवळजवळ तीस वर्षं कुठं गेली? हजारो माणसं त्यांनी सुखरूप उतरवली, ती कुणाच्या हिशेबात धरायची? जुना अपघात आणि कोळिकोडचा पाऊस एका दोरीत ओवायचा असेल तर तो धागा अहवालात दाखवा. नसेल तर मेलेल्या माणसावर तो टाकू नका.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळून २६० माणसं गेली. महिन्याभरानं प्राथमिक अहवालात इंधनाच्या स्विचबद्दल आणि वैमानिकांतल्या दोन वाक्यांबद्दल मजकूर आला. त्या रात्री आमच्या चौकातल्या टपरीवर निकाल लागला होता. बोइंग ७३७ मॅक्सच्या वेळीसुद्धा आधी बोट वैमानिकांकडेच गेलं होतं. २०१८ आणि २०१९ मधले दोन अपघात, ३४६ माणसं, आणि मग कळलं की विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी यंत्रणा तिथं होती आणि वैमानिकांना तिची धड माहितीच दिलेली नव्हती. लोकांनी घाई केली तर समजू शकतो, ती दुःखात असतात. तुम्ही करू नका. नोकरी देणं-नाकारणं तुमच्या हातात आहे.

कुणाला घेऊ नये, हेही माझं ठाम मत आहे. दारू पिऊन ड्यूटीवर आलेल्याला नको, मग त्याचे तास कितीही असोत. एकच चूक शिकवूनही दुसऱ्यांदा करणाऱ्याला नको. ‘वर चला’ म्हणणाऱ्या सहवैमानिकाला गप्प बसवणाऱ्याला तर मुळीच नको. मंगळूरला २०१० मध्ये सहवैमानिकानं पुन्हा वर जायला सांगितलं होतं. कॅप्टननं ते मानलं नाही आणि १५८ माणसं गेली. आणि स्वतःच्या अपघाताची गोष्ट सांगताना ज्याच्या बोलण्यात ‘मी’ एकदाही येत नाही, त्याला दारातून परत पाठवा. सगळी चूक वाऱ्याची, टॉवरची, मेकॅनिकची. असा माणूस काही शिकलेला नसतो. अकरा वर्षांत माझा हा अंदाज फार क्वचित चुकला.

महासंचालनालयाला एक मागणं वेगळं आहे. प्रत्येक वैमानिकाची पुरी नोंद, म्हणजे परीक्षा, अपघात, अहवाल, नंतरचं प्रशिक्षण, एका जागी असावी. ती भरती करणाऱ्या कंपनीला दिसावी आणि वैमानिकालाही दिसावी. चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्यायचा त्याला हक्क असावा. अशी नोंद असली की ‘नाही’ लिहायचा मोहही उरणार नाही आणि ‘होय’ लिहायची भीतीही.

त्या म्हातारीच्या मुलाबद्दल सांगितलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. मी परत गाडीवर आल्यावर वर्षभरानं तो वाईच्या स्टँडवर मला भेटला. ओळख त्यानंच दिली. विचारलं, ‘परत चालवताय?’ मी म्हणालो, होय. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आई परत बसली असती का तुमच्या गाडीत, मला सांगता येत नाही. पण होज कुणी बदलला नाही, ते मी वाचलंय.’ आणि माझ्याच गाडीचं तिकीट काढून तो मागच्या सीटवर बसला. साताऱ्यापर्यंत मी आरशात त्याच्याकडे बघायचं टाळत राहिलो. त्यानं मला माफ केलं असं मी समजत नाही. त्यानं अहवाल वाचला होता, एवढं मला कळलं. ज्याची आई गेली त्या माणसानं जे केलं, तेवढंच मी तुमच्याकडे मागतो आहे.

नातीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि सांगितलं, ‘होय’ लिही. तिनं लिहिलं. खाली जागा नव्हती आणि फाइल जोडायचीही सोय नव्हती, म्हणून तिनं दीड पानाचा कागद हातानं लिहिला. त्यात वारा किती होता ते आहे, तिला कुणी सोडलं ते आहे, आणि ‘मी पुन्हा वर जायला हवं होतं’ हे वाक्य तिनं पहिल्याच ओळीत घातलं आहे. चौकशी अहवालाची प्रत त्याला जोडली आहे. मी स्वतः साताऱ्याच्या पोस्टात जाऊन ते पाकीट स्पीड पोस्टानं पाठवलं. ते तुमच्यापैकी एकाच्या कार्यालयात पोचल्याची पावती माझ्याजवळ आहे. पाकीट तपकिरी आहे, वरचं अक्षर माझं आहे. ते उघडून वाचा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चालक-प्रशिक्षक, सातारा